अंबूबाईची काकडी

माझं प्रेम लेंडीखताच्या पोत्यापासून सुरू झालं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

भोरचा बाजार होता. श्रावणातली भुरभुर — धड भिजवत नाही, धड कोरडं राहू देत नाही, तसली. कडेला एक पिकअप उभी आणि तिच्या फळीवर पाय सोडून एक पोरगा बसलेला. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात भाजलेलं कणीस. मागं पोती रचलेली.

"लेंडीखत आहे ना? एक पोतं द्या."

"एकच?" त्यानं कणीस खाली केलं. "रान किती हाय?"

"रान नाही. गच्ची आहे."

"गच्चीला खत?" त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत हसू, आणि ते लपवायची अजिबात घाई नाही. "का, घराला अजून एक मजला उगवायचा हाय?"

"तुमच्या शेळ्या तेवढ्या ताकदीच्या असतील तर उगवेल की."

"शेळ्यांचं नाव न्हाई काढायचं हां, म्याडम. वेल्ह्याच्या डोंगरातला पाला खात्यात त्या. निवडून खात्यात, निवडून."

"मग मालकापेक्षा त्यांनाच जास्त कळतं म्हणायचं."

तो हसला. पुढच्या दाताचा एक कोपरा तुटलेला होता. मी उगाचच पिशवीचे बंद सारखे करत बसले…

रिक्षावाल्यानं पोतं बघून नाक मुरडलं आणि निघून गेला. मग ह्यानंच ते खांद्यावर घेतलं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी विहार आहे, निळा झेंडा आहे. झेंड्याशी तो क्षणभर थांबला, पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पुढं निघाला. मला वाटलं, खांदा दुखला असेल.

आमचा जिना अरुंद, त्याला कठडा नाही. वर पोतं टेकवून तो धापा टाकत म्हणाला, "मजला उगवला तर सांगा. माउली म्हणत्यात मला."

"आणि नाही उगवला तर?"

"तर फुडल्या बाजाराला भांडाया या."

गेले. भांडायलाच गेले.

*

गच्चीवरची भाजी हा आधी माझा निव्वळ चाळा होता. नसरापूरच्या बाजूला पॅकिंगचं काम करायचे, लॉकडाऊनमध्ये ते सुटलं. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावले. रोप वीतभर झालं की फोटो. फूल आलं की फोटो. टोमॅटो एकच आला, त्याचेही फोटो.

आई जिन्यात बसून बघायची. माझी आई, अंबूबाई. तिनं जन्मभर सारोळ्याच्या बाजूला लोकांच्या मळ्यांत वांगी-मिरच्या तोडल्या. घरी यायची ती किडकी. आमच्या लोकांच्या वाट्याला रान का आलं नाही हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत आणि मीही इथं शिकवत बसणार नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्याला नाही, त्यानं घरच्या म्हाताऱ्यांना विचारावं. खरं सांगतील का, ते मात्र बघावं.

एक दिवस ती वर आली. डब्यातली माती चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला.

"ही माती कुणाची गं?"

"कुणाची म्हणजे? आपली. आबांनी टेम्पोतून आणली."

"आपली?" तिनं परत विचारलं. मग डब्याजवळ फतकल मारून बसली, किती तरी वेळ. मी खाली येऊन चहा करून वर गेले तरी तिचा हात मातीतच होता.

त्या दिवसापासून चाळा संपला. आई पहाटे उठून गच्चीवर. चुका, मेथी, आळू, घेवडा. थर्मोकोलची खोकी, फुटके माठ, माझ्या वडिलांच्या, आबांच्या टेम्पोचं जुनं टायर — तिला जे सापडेल त्यात काहीतरी उगवायचं. आणि मधोमध काकडी. आईच्या माहेरची, वरव्याची. बुटकी, पांढरट, एक फळ कडू निघणार नाही अशी. लग्नात तिच्या ओटीत तिच्या आईनं हे बी घातलं होतं. तेव्हापासून कुणाच्या बांधाला, कुणाच्या उकिरड्याशेजारी, जिथं कुणी हाकलणार नाही तिथं ती एखादा वेल लावायची आणि बी धरून ठेवायची.

तिचे नियम होते. बियासाठी वेलावर एक काकडी राखायची, तिला चिंधी बांधायची. ती पिवळी होऊन आपसूक देठ सोडेपर्यंत हात लावायचा नाही. "हिरवी तोडली की तोंडी लावायला झाली. बी न्हाई व्हत त्याचं." बी धुऊन, वाळवून शेणात कालवायचं आणि गोवरी थापून भिंतीला लावायची, म्हणजे कीड लागत नाही. आणि बी द्यायचं ते हातातनं हातात. "भुईला टेकलं की पेरलं. मग ते घेणाऱ्याचं न्हाई, भुईचं."

*

माउली दर बाजाराला यायचा. पोतं नसलं तरी यायचा. माझं नाव प्रेरणा, तो परी म्हणायला लागला.

त्याच पावसाळ्यात एकदा मी काकडीची फुलं घेऊन बसले होते. एवढ्या वर मधमाशा फारशा येत नाहीत, म्हणून नर फूल तोडून मादी फुलात हलकं टेकवायचं, परागाची पिवळी पूड लागेपर्यंत. तो गच्चीच्या कठड्याला टेकून बघत होता.

"काय चाललंय?"

"लग्न लावतेय."

"विचारलंय का दोघास्नी?"

"फुलांना विचारत नाहीत. माणसांना विचारतात."

"व्हय?" तो खाली बसला. अगदी जवळ. "आन् एवढ्या वर भुंगे येतच न्हाईत?"

"येतो की एक. दर बाजाराला."

तो लाजला. डोंगर चढून शेळी खांद्यावर आणणारा गडी — कानापर्यंत लाल झाला. माझ्या बोटांना पिवळं लागलं होतं. त्यानं ते बघितलं… हात पुढं केला… आणि जिन्यात आईचा खोकला वाजला.

आईनं त्याला काकडी कापून दिली, मीठ लावून. त्यानं चारी फोडी संपवल्या आणि बोटं चाटली. आई हसली. तिनं एक गोवरी फोडली, बी काढलं आणि त्याच्या ओंजळीत घातलं.

"तुझ्या आईला दे. म्हणावं, अंबूबाईनं दिलंय."

"सांगतो की, मावशी."

"विसरशील."

"न्हाई विसरायचा."

तो विसरला नाही. विसरला असता तर बरं झालं असतं.

*

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत आई गेली. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातही विचारायची, "मेथीला पाणी घातलंस का?" मी हो म्हणायचे. घातलेलं नसायचं. घरी परतले तेव्हा मेथी माना टाकून पडली होती, आणि कठड्याच्या भिंतीवर आईनं थापलेल्या गोवऱ्या तेवढ्या जागच्या जागी. त्या सालचं सगळं बी त्यांच्यात. प्रत्येक गोवरीवर तिच्या बोटांचे ठसे. मी माझं बोट एकेका ठशात ठेवून बघायचे. तिची बोटं माझ्यापेक्षा रुंद होती.

वैशाख पौर्णिमेला आईच्या नावानं वस्तीला खीर वाटायचं ठरलं. गच्चीवर तीन दगडांची चूल, वर मोठं पातेलं. माउली सकाळीच हजर. आई गेल्यापासून तो माझ्याकडं बघताना सुद्धा आवाज होऊ नये असा बघायचा. "तू खाली बायकांचं बघ," म्हणाला, "जाळाचं मी बघतो."

आदल्या संध्याकाळी वळीव पडून लाकडं भिजली होती. धूर नुसता. मी खालून दूध घेऊन वर आले तर चूल छान पेटलेली, आणि जाळातून बारीक आवाज… चट… चट… तेलात मोहरी तडतडावी तसा.

मी भिंतीकडं बघितलं. गोवऱ्यांचे गोल डाग. बाकी काही नाही.

"काय केलंस?"

"गवऱ्या घातल्या. लाकडं पेटंनात म्हणून…" त्यानं माझा चेहरा बघितला. "काय झालं?"

मी चुलीत हात घातला. त्यानं मला मागं ओढलं. हातात आली ती राख, आणि तिच्यात काळी, फुटलेली टरफलं.

"बी होतं त्यात. आईचं."

"आमच्याकडं राखंत ठिवत्यात गं बी… भोपळ्याच्या तुंब्यात… मला काय ठावं…" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, न थांबता. आणि मला त्याचा राग आला नाही. ही चूक होती. चुकीवर मी कधी माणूस तोडत नाही.

"तुझ्या आईकडं असेल ना? दिलं होतं की आम्ही."

"हाय. तुंबा भरून हाय. दोन पावसाळं झालं, लावती ती. गावाला वाटती काकड्या."

"मग झालं तर! आण उद्या." मी हसले सुद्धा. तो हसला नाही.

पुढच्या बाजाराला आला, रिकाम्या हातानं. त्याच्या पुढच्याही बाजाराला तसाच. पेरायचे दिवस जवळ येत चालले होते.

"माउली, काय चाललंय?"

"आई इचारंल, कुणाला पायजे."

"मग सांग. ज्यांनी दिलं त्यांना पाहिजे."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बी कुठलं म्हणून सांगितलंयस घरी?"

त्यानं उकरलेला खड्डा पायानं परत बुजवला.

"माउली?"

"…बाजारातलं."

झेंड्यापाशी त्यानं खांदा का बदलला होता ते मला तेव्हा कळलं. बाजारातलं! दोन वर्षं त्याच्या घरानं माझ्या आईची काकडी खाल्ली, आणि आईला नाव नाही. आमच्या बायकांनी तोडलेली वांगी चालतात, आमच्या पोरांनी उपसलेल्या विहिरी चालतात. नाव तेवढं चालत नाही.

"मी आणतो," तो घाईनं म्हणाला, "आई रानात गेली की हळूच काढून आणतो. तू काळजी…"

"चोरून? माझ्या आईचं बी मी चोरून आणू?"

"परी…"

"परी म्हणू नकोस. परवा मी येतेय तुमच्याकडं. दिवसाढवळ्या. तू फक्त घरी रहा."

*

नसरापूरला गाडी बदलून वेल्ह्याची एसटी, तिथून पुढं पायवाट. धनगरांची वाडी वर, ढगाच्या पोटात. माउलीची आई, ठकुबाई, दारातच होती — उंच, काटक, कपाळावर गोंदण. माउली गोठ्याशी उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि मग शेळ्यांकडं.

"ये बाय, ये. दमली आसशील. कुठनं आलीस?" तिनं आधी पाणी दिलं. नाव न विचारता. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाई वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं.

"भोरहून आले. काकडीचं बी न्यायला."

"त्या पांढऱ्या काकडीचं?" तिचा चेहरा उजळला. "माज्या माउलीनं आणलंय बाजारातनं. आसली ग्वाड काकडी म्या जल्मात खाल्ली न्हाई बघ."

"ती बाजारातली नाही, मावशी. माझ्या आईची आहे. अंबूबाईची. तिनं तुमच्या लेकाच्या ओंजळीत बी दिलं होतं. भोरला विहाराच्या मागं आमचं घर आहे."

विहार म्हटल्यावर सगळं कळलं. तिनं माझ्या हातातल्या तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग लेकाकडं, बराच वेळ. तिला बी-बियाण्यापलीकडचंही कळलं होतं. आयांना कळतं.

ती आत गेली. तुंबा घेऊन आली. मी दोन्ही हात पुढं केले. तिनं मूठभर बी काढलं, वाकली आणि पायरीखाली, अंगणाच्या भुईवर ठेवलं.

"घी," म्हणाली.

वाऱ्यानं दोन-चार बिया इकडं-तिकडं घरंगळल्या.

"मावशी, आमच्यात बी हातातनं हातात देतात."

"माजी लेक लग्नाची हाय, बाय. भावकी हाय. मला हितंच ऱ्हायचंय." आवाज कडक नव्हता, दमलेला होता. "घी आन् जा."

मी वाकले नाही. मी माउलीकडं बघितलं. फक्त बघितलं. गोठ्यापासून पायरीपर्यंत चार पावलं होती. त्यानं यावं, ते बी उचलावं आणि माझ्या हातात ठेवावं. बोललाही नसता तरी चाललं असतं.

तो शेळीच्या गळ्यातली दोरी सोडत होता, बांधत होता. सोडत होता, बांधत होता.

मी निघाले.

*

फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. खालून धुकं वर येत होतं. तो पळत आला, एका पायात चप्पल नाही. मूठ घट्ट मिटलेली.

"प्रेरणा… हे… हे घे. गोळा केलं."

मी हात पुढं केला. त्यानं मूठ उघडली. बी ओलं झालं होतं, घामानं. त्याची बोटं माझ्या तळव्यावर टेकली आणि तिथंच राहिली.

"तू मला आवडतीस. लई. तुला ठावं न्हाई मला किती…"

दोन वर्षं हे ऐकायला मी थांबले होते. जिन्यात, गच्चीवर, फुलांच्या पिवळ्या पुडीत. आणि ते मिळालं कुठं, तर फाट्यावर. जिथं ऐकायला एक कुत्रं सुद्धा नव्हतं.

"माउली, मैलभर पळत आलास. अंगणातली चार पावलं चालला नाहीस."

त्यानं चप्पल नसलेला पाय दुसऱ्या पायावर घेतला.

"बी आईचं आहे, ते घेते. तू अजून हिरवा आहेस. हिरवं तोडलं तर एका जेवणाचं होतं… बी होत नाही त्याचं. जिथं गप्प बसलास, तिथं बोल. मग ये. नाहीतर येऊ नकोस."

गाडी आली. खिडकीतून मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

*

तो आला नाही. बाजार आले, गेले. पिकअपवर दुसराच कुणीतरी बसलेला असायचा.

बी उगवलं. गच्चीवर आबा कधी फिरकायचे नाहीत. आई असताना म्हणायचे, "तुमची मायलेकींची थेरं." त्या साली ते न सांगता बांबू घेऊन वर आले, मांडव घातला आणि खाली उतरताना म्हणाले, "अंबूच्या मांडवापेक्षा ढिलाच झालाय." मग रोज सकाळी वेलाचे शेंडे वर वळवायला त्यांचे गाडीच्या ऑईलनं काळे झालेले हात. आम्ही बोलायचो नाही. पाणी घालायचो. काही घरांत रडतात, आमच्या घरात पाणी घालतात.

काकडी इतकी आली की मी टोपली घेऊन बाजारात बसायला लागले. वस्तीतल्या बायका बी मागायला आल्या. दिलं. हातातनं हातात. एकच अट घातली: कुणी विचारलं कुठलं, तर नाव सांगायचं. अंबूबाईची काकडी. सांगणार असाल तर न्या. आता आमच्या वस्तीत सात-आठ गच्च्यांवर वेल आहेत आणि ज्यांना गच्ची नाही त्यांच्या पत्र्यावर.

श्रावणात एका सकाळी जिन्याखाली लेंडीखताचं पोतं दिसलं. शिवलेलं. कुणी टाकलं, कुणी बघितलं नाही. आबा म्हणाले, "वर नेऊ?" मी म्हटलं, "राहू दे." खताचा काही दोष नव्हता. पण मी ते फोडलं नाही.

भादव्यात बाजाराच्या दिवशी भुरभुर चालू होती. टोपलीपुढं एक धनगरीण येऊन उभी राहिली.

"अंबूबाईची काकडी म्हंत्यात ती हीच का?"

मी तराजू खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी फुलाबाई. वर वाडीत ऱ्हाती, ठकुबाईच्या श्येजारी. तिच्या माउलीनं सांगितलं की. पोळ्याला समदी भावकी अंगणात जमल्याली, जेवाण चाललं हुतं. कोण तरी म्हनलं, काकडी लई ग्वाड, कुठली? तर हे पोरगं उठलं आन् म्हनलं, भोरच्या अंबूबाईची. विहाराच्या मागं घर हाय. मी लबाड बोललो हुतो. आन् तिच्या लेकीसंगट मला लगीन करायचंय." फुलाबाईनं कपाळाला हात लावला. "पंगत उठली गं बाय! चुलता धावून गेला अंगावर."

"आणि… ठकुबाई?"

"बोलत न्हाई त्याच्याशी. वाढती, पर बोलत न्हाई." ती वाकली, आवाज बारीक केला. "पर एक हाय. पायरीपाशी कायतरी बी सांडलं हुतं म्हनं. ते उगावलंय. रोज म्हनती उपटीन, उपटीन. परवा बघितलं तर तिनंच काटकी रवलीया आधाराला."

भुईला टेकलं की पेरलं.

मी पदराच्या गाठीतलं बी काढलं. फुलाबाईनं ओंजळ पुढं केली. मी ते तिच्या ओंजळीत घातलं, एकही बी खाली पडू न देता.

"त्याला काय सांगू?" तिनं विचारलं.

काय सांगणार होते? की पंगत उठली, तशी उद्या माझी वस्ती पण उठेल? की आबांना अजून काही माहीत नाही? की रात्री दोरी सोडणारे-बांधणारे त्याचे हात अजून डोळ्यांपुढं येतात आणि राग येतो… आणि रागाच्या पाठोपाठ तो तुटका दात?

"सांगा," मी म्हटलं, "पोतं अजून जिन्याखालीच आहे. भिजतंय. आबांच्यानं उचलत नाही… आणि जिन्याला कठडा नाही, म्हणावं. पडायची भीती असेल तर येऊ नको."